बोटीच्या पाहुण्यांची घोंगडी

मी धावड्याची काळी घोंगडी बोलतेय. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून गप्प होते. माझ्याविषयी परक्या लोकांना पुष्कळ सांगून झालंय, तेही माझ्यासमोर, आणि त्यात खरं फार थोडं होतं. तेव्हा आता माझं मीच सांगते. कुणाची भीडभाड ठेवायचं माझं वय राहिलेलं नाही.

धावडा हे गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराला टेकून बसलेलं. तिथल्या आसराबाईच्या मेंढरांच्या लोकरीची मी. तिनं एक अख्खा पावसाळा टकळी फिरवून माझं सूत काढलं. गावच्या विणकरानं मला विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून असं ताठ केलं, की पहिले चार महिने मला कुणी घडी घालायला धजेना. अंगावर घेतलं की टोचायची. आसराबाई म्हणायची, टोचते तीच टिकते.

तिला एकच मुलगा, बिरू. बिरूच्या बायकोची, वच्छलाबाईची, दोन लेकरं होऊन दगावली होती. तिसऱ्या खेपेला तिला दिवस गेले, तेव्हा आसराबाईनं मला देवापुढं ठेवलं आणि खंडोबाला बोलली, "हे लेकरू जगलं वाचलं तर ह्याच घोंगडीवर चौक मांडून तळी भरीन."

धनगराच्या घरात घोंगडीचा मान तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. पाहुणा आला की आधी घोंगडी आंथरायची, मग पाणी. देवाची तळीही तिच्यावरच. आणि पायताण घालून तिच्यावर पाय द्यायचा नाही. कितीही मोठा माणूस असो, पायताण कडेला निघणार. हे कुणी शिकवत नाही. रांगतं पोरही बघून बघून शिकतं.

त्याच साली मेंढरांत रोग आला. महिन्याभरात वाडा रिकामा झाला. दोनचार माद्या तरी पुन्हा घ्यायच्या, तर कुठंतरी जाऊन कमवून आणणं भाग होतं. बिरू जालन्याला मस्तगड भागात गेला. तिथं लोकर आणि घोंगड्यांचं एक दुकान होतं, बिरूच्या बापापासून ह्यांची लोकर त्याच दुकानात जायची. दुकानदाराचा मुलगा रामकिसन मुंबईला असायचा. तो दसऱ्याला घरी आलेला. चांगलं इंग्रजी शिकलेला, कोट घालणारा, बोलण्यात साखर.

"चल की माझ्यासंगं," तो बिरूला म्हणाला. "थंडीत विलायतेच्या मोठ्या मोठ्या बोटी येतेत मुंबईला. त्यातल्या गोऱ्या लोकान्ला मी एका दिवसात बेट दाखवून आणून राह्यलो. लेण्या हायेत तिथं. म्हाताऱ्या मानसान्ला खुर्चीत बसवून वर न्यावं लागतं. तुझे खांदे चांगले हायेत."

बिरू हो म्हणाला. निघताना आसराबाईनं मला त्याच्या खांद्यावर टाकलं. वच्छलाबाईला हे रुचलं नाही. नवसाची वस्तू परमुलखात कशाला, असं ती म्हणाली. पण आसराबाईचं म्हणणं वेगळं होतं.

"पोटातलं लेकरू माझ्याजवळ हाये, मी बघते. पोरगा एकटा जाऊन राह्यला, त्याला कोण हाये? पांघर, बस, पाव्हना आला तर त्यालाबी बसव. फक्त पायतान लागू देऊ नको. चैताच्या पुनवेला तळीला परत पायजे मला."

समुद्र मी त्याआधी पाहिलेला नव्हता. बिरूनंही नव्हता. पहिल्या दिवशी तो धक्क्यावर नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "एवढं पानी, अन् एक मेंढरू पिऊ शकत न्हाई." त्या मुलखाबद्दल ह्याहून शहाणं बोलणं मी पुढं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आमचं काम घारापुरीच्या बेटावर. रोज सकाळी रामकिसन पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, पाहुणे आणायचा. लांब पाण्यात त्यांची पांढरी बोट उभी असायची. वीसपंचवीस माणसं, डोक्यावर टोप, हातात छत्र्या, आणि प्रत्येक दुसऱ्याच्या गळ्यात फोटो काढायचा काळा डबा. चार तासांत बेट बघून बोटीवर परतायचं. मोठी गंमत वाटायची मला त्यांची. हजारो कोस पाणी तुडवून यायचं आणि लेण्यापुढं उभं राहून लेण्याकडं पाठ करायची, फोटोसाठी. कोण कुठं काय बघतंय ह्याकडं कुणाचं लक्ष नाही, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं.

आणि रामकिसन बोलायचा. मूर्तींची नाकं कुणी फोडली ह्याची त्याच्याकडं चार उत्तरं होती. भाकरी खाताना तोच खुर्चीवाल्यांना हसून सांगायचा, आज कोणतं दिलं ते. पाहुणे ज्या देशाचे नसतील त्या देशाच्या माथी तो नाकं मारायचा. सगळे हसायचे, मलाही हसू यायचं. खोटं दुसऱ्याच्या नाकाबद्दल असलं की हसू येतंच.

मग तो दिवस आला. ओहोटी होती. धक्क्यावर सगळा चिखल, पायऱ्यांच्या तळाशी तेवढा एक सपाट दगड कोरडा. एक गोरी म्हातारी पडावातून उतरली आणि तिथवर येईपर्यंत तिला धाप लागली. खुर्ची अजून खाली आली नव्हती. बिरूनं तिच्याकडं पाहिलं. काय मनात आलं त्याच्या, तर आईच आली असणार. त्यानं खांद्यावरून मला काढलं, दगडावर आंथरलं, हातानं सारखं केलं आणि म्हणाला, "बसा, बाईसाहेब."

म्हातारीला शब्द कळला नाही, पण तिनं वाकून माझ्यावर हात फिरवला. मला टोचरीला कुणी असा हात लावला नव्हता. तिनं बिरूच्या पायांकडं पाहिलं. मला आंथरताना त्यानं वहाणा कडेला काढल्या होत्या. ती पायरीला टेकली आणि स्वतःच्या बुटाची नाडी सोडू लागली. एक नाडी सुटलीसुद्धा.

तेवढ्यात रामकिसन मागून आला. उशीर होत होता त्याला, पडाव ठरल्या वेळी सुटायचा होता. तो हसत हसत त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मला इंग्रजी येत नाही, हाताची खूण कळते. त्यानं हात पुढं केला, असा, चला म्हणून, माझ्यावरून.

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं, बिरूकडं पाहिलं, काहीतरी विचारलं. रामकिसननं मान डोलावली. तिनं नाडी परत बांधली. मग जरा बिचकत तिनं माझ्यावर बूट ठेवला आणि पलीकडं गेली. तिच्यामागून सगळेच आले. कुणी दोनदा आले. एकानं आपल्या बायकोला माझ्यावर उभं केलं आणि काळा डबा डोळ्याला लावला. बिरू तिथंच उभा होता, अनवाणी. तो फोटोत आला असेल.

संध्याकाळी त्यानं रामकिसनला विचारलं, "काय सांगितलं हो शेठ तुमी त्यान्ला?"

"सांगितलं, ही आमची रीत हाये. मोठा पाव्हना आला की गरीब मानूस त्याच्या पायाखाली आपलं पांघरून आंथरतो."

"अशी कुठली रीत? मी बसा म्हन्लो होतो."

"बसल्या असत्या तर अर्धा घंटा गेला असता, बिरू. अन् बघितलं का किती खूश झाले? बिलकुल राजा झाल्यावानी. उद्या बी आंथर."

"न्हाई जमायचं. नवसाची हाये ती."

"मंग खुर्चीला दुसरा गडी बघतो मी," रामकिसन म्हणाला. रागानं नाही, अगदी गोड आवाजात.

बिरू त्या दिवशी जेवला नाही. पण धावड्याला रिकामा वाडा होता, पोटुशी बायको होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला त्याच दगडावर आंथरलं.

पहिल्या दिवसाची चूक मी त्याला माफ केलीय. चूक ती नव्हतीच. दुसऱ्या दिवसापासूनचं मात्र मला अजून सोसत नाही. तो पूर्ण हंगाम, जेवढ्या बोटी आल्या तेवढ्या माझ्यावरून गेल्या. रामकिसन दर बोटीला माझं वय वाढवत गेला. त्या हंगामात मी दोन वर्षांची होते. शिमग्यापर्यंत तीनशे वर्षांची झाले, आणि कुण्या राजाच्या स्वागताला आंथरलेली. लोक वाकून मला बघायचे, वा वा करायचे आणि मग तुडवून जायचे. बिरू खाली मान घालून उभा. आता तो 'बसा' म्हणत नव्हता.

काम झालं की तो मला खाऱ्या पाण्यात धुवायचा, घासघासून. खारानं माझी लोकर राठ झाली. आणि एक गोष्ट त्यानं सोडून दिली. मला पांघरणं. समुद्राचा गार वारा सुटला तरी उघडाच निजायचा, मी उशाशी घडी घातलेली. एवढ्यावरूनच मी ओळखलं, की त्याच्या मनातून मी उतरले नव्हते, तोच माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

चैत्राच्या पुनवेला आम्ही धावड्याला पोचलो. पौषात मुलगी झाली होती, ठणठणीत, नाव ठेवलं होतं गोजर. अंगण सारवलं होतं, भंडारा आणला होता, चार घरची माणसं जमली होती. आसराबाईनं बिरूच्या खांद्यावरून मला घेतलं आणि आंथरायला झटकलं. झटकताच थांबली. हातांनीच ओळखलं तिनं.

"काय झालं हिला?"

बिरूनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. खाऱ्या हवेनं झालं म्हटलं असतं तर कोण जाणार होतं बघायला? मला वाटतं, मनातून मलाही तेच हवं होतं. चौकाखाली जायचं होतं मला. त्यासाठीच जन्मले होते मी. पण तो आईपुढं बसला आणि सगळं बोलला. म्हातारीचं, तिच्या नाडीचं, रामकिसनचं.

"पहिल्या दिवशी तू बसा म्हन्लास," ती शेवटी म्हणाली. "बराबर केलंस. मीबी तेच म्हन्ले असते. दुसऱ्या दिवशी काय म्हन्लास, लेकरा?"



ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझी घडी घातली, आत नेऊन वर फळ्यांच्या माच्यावर ठेवली आणि वच्छलाबाईला शेजारच्या रायभानकडून घोंगडी मागून आणायला सांगितली. गोजरची तळी रायभानच्या घोंगडीवर भरली. सदानंदाचा येळकोट मी आतून ऐकला.

माद्या आल्या, वाडा पुन्हा भरला. आसराबाई दोन वर्षांनी गेली. मला ना कुणी टाकलं, ना वापरलं. कसर लागली. एका कोपऱ्याला उंदरानं भोक पाडलं. असं अकरा वर्षं.

परवा, म्हणजे ह्या अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीनंतर, रामकिसन धावड्याला आला. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. तो आता रामकिसनशेठ झालाय, पोट सुटलंय. त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या घोंगड्या रानात होत्या, म्हणून वच्छलाबाईनं मलाच खाली काढून ओसरीवर आंथरलं.

रामकिसन माझ्यापाशी आला, थांबला, वाकला आणि बूट काढून नीट कडेला ठेवले.

"धनगराच्या घरची घोंगडी," तो हसून म्हणाला, "पायतान कसं लागू द्यावं? दुकानात असल्याच घोंगड्यांवर लहानाचा मोठा झालो मी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, सगळं. इतकी वर्षं मी त्याला अडाणी समजून अर्धी माफी देऊन बसले होते.

मांडी घालून तो बोलू लागला. आता बोटीच्या पाहुण्यांना मोटारीनं थेट अजिंठ्याला आणायचं, धावडा वाटेत पडतो, खुर्चीला गडी लागतील. "अन् तुझी ती मुंबईची घोंगडी असंल तर ती बी काढ. लई चालली होती."

"तुमी बसलात तीच हाये, शेठ," बिरू म्हणाला.

रामकिसन खाली बघायला लागला. मग उठला. कडेच्या बुटांकडं हात गेला, पण ओसरीच्या पायरीपर्यंत जायला माझ्यावरूनच वाट होती.

"घाला की," बिरू म्हणाला. "घालून जावा वरून. सवय हाये तिला."

रामकिसन बूट हातात घेऊन अनवाणी गेला. फाटकाबाहेर जाऊन त्यानं ते घातले.

तो गेल्यावर बिरू माझ्या भोकाच्या कोपऱ्यावर येऊन बसला, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. थकलाय तोही. टोचले असेन मी त्याला.

आता मी फार दिवसांची सोबती नाही. देव माझ्यावर बसणार नाही, हे मी कधीच पत्करलंय. पण तुमच्या गावात कुणी परका आला आणि तुम्ही त्याला आमची रीत सांगायला उभे राहिलात, तर आंथरणाऱ्यानं काय म्हटलं ते आधी विचारा. त्या म्हातारीची नाडी सुटली होती हो. तिला फक्त 'बसा' एवढं सांगायचं होतं.