वाका, टीचर!

पापडी गावच्या रोझलिन टीचर निवृत्त झाल्या त्याच वर्षी, दोन हजार दोन साली, त्यांनी गोव्याहून कारवारला जाणाऱ्या एका शिडाच्या बोटीवर नाव नोंदवलं. अट एकच, प्रवाशांनीच खलाशी व्हायचं. दोर ओढायचे, सुकाणू धरायचं, कांदेही चिरायचे. म्हणून आधी शिकून घ्यायला त्या पाचूबंदरच्या फ्रान्सिसकडे गेल्या. तो त्यांचाच विद्यार्थी. चौथीचं अख्खं वर्ष त्यानं बाकावर उभं राहून काढलं होतं.

फ्रान्सिसनं आजोबांची जुनी होडी खाडीत काढली. थोड्या वेळानं वारा फिरला आणि शिडाचा आडवा बांबू गर्रकन वळला.

"टीचर, तुमाला राग नाय येनार तर जरा खाली—"

तोवर बांबू टीचरच्या कपाळावर बसला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. "माफी करा टीचर, पन—" ठक्! तिसऱ्या दिवशी दोन टेंगळं मिरवत टीचर म्हणाल्या, "फ्रान्सिस, मला सरळ 'वाक' म्हण."

"तुमाला? जीभच वलत नाय."

"उभा राहा. दहा वेळा म्हण."

चाळिशीचा बाप्या होडीत उभा राहून "वाक, वाक" घोकू लागला. सातव्या वेळी वारा खरोखरच फिरला. टीचर झटकन वाकल्या आणि फ्रान्सिस थेट पाण्यात गेला. भिजून वर आल्यावर मात्र त्याची भीड चेपली, आणि पंधरा दिवसांत टीचर सुकाणू धरायला शिकल्या.

गोव्याच्या बोटीवरचा कप्तान स्टॅनी सगळ्यांवरच खेकसायचा. टीचरना त्याचं काही वाटलं नाही, पण सहप्रवासी, विरारचे बँकवाले सदानंदराव तिसऱ्या दिवशी भडकले.

"मला अरे-तुरे? मी शाखाधिकारी आहे!"

"बोटीवर सगळे सारखे!" स्टॅनी ओरडला.

दोघं शिडाखाली उभे राहून हातवारे करत होते. सुकाणू टीचरच्या हातात होतं. तेवढ्यात वारा फिरला.

"खाली बसा!"

चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेला तो आवाज. दोघंही मटकन बसले आणि बांबू डोक्यांवरून निघून गेला. स्टॅनीनं तर तोंडावर बोटही ठेवलं होतं.

कारवारला उतरल्यावर त्यानं अदबीनं विचारलं, "टीचर, पुढं कोचीपर्यंत येता का?"

टीचरनी एसटीडी बूथवरून धाकट्या बहिणीला फोन लावला. "रिटा, आपल्या वाडीतले केळीचे घड तूच उतरव. मला महिना लागेल."

रिटानं तोंडाला येईल ते सुनावलं. टीचरनी ते शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि कोचीसाठी आणखी दोन कपडे घ्यायला बाजारात गेल्या.