कॉम्प्युटरमधली बाई

धाकट्या लेकीचं, वैशालीचं, लग्न झालं ते २०२४ साल. त्या लग्नात रामाने माइक हातात घेऊन सगळ्या वऱ्हाडाला पंगतीला बसवलं, आणि पुढच्याच महिन्यात कॅन्सरपायी डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं.

रामा पोरं झाल्यावर रात्रीच्या वर्गात लिहायला शिकलेला. भीमाबाईला मात्र अक्षरओळख नव्हती. त्याने पाटीवर काही लिहिलं तरी तिला त्या रेघोट्याच. म्हणून थोरल्या रत्नदीपने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बाळकुमला आपल्या घरी आणला. रामा एका बोटाने टाइप करी आणि आतून एक बाई ते वाचून दाखवी.

“सवत आणून बसवलीस रे घरात!” भीमाबाई लेकाला म्हणाली.

रामाने सावकाश बटणं दाबली. बाई बोलली, “ही तरी गोड बोलते.”

कितीतरी दिवसांनी भीमाबाई पोट धरून हसली.

पण दुपारी, रत्नदीप कामावर असताना, बाई बोलता बोलता थांबायची. स्क्रीन जागच्या जागी गोठायचा. रामा तोंड उघडं ठेवून बघत राही. बंद करून चालू केला की लिहिलेलं सगळं गेलेलं.

रत्नदीपने तो नौपाड्यात सुदेशच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. सुदेशने त्याच्यावर जड जड कामं टाकून त्याला दिवसभर दमवला. एकदाही हँग झाला नाही.

“काका एखादं बटण दाबून धरत असतील,” सुदेश म्हणाला. रत्नदीपने घरी येऊन ते तसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी रामाने बटणांना हात लावला नाही.

मग रत्नदीप रविवारी घरीच तपासायला बसला. तो बसणार म्हणून भीमाबाईने टेबल पुसलं, कॉम्प्युटरच्या डब्यावरची झालरीची खोळ काढून ठेवली. डॉक्टर आला की पेशंटच्या अंगावरचं पांघरूण काढतात, तसं. कॉम्प्युटर सुरळीत चालला. सोमवारी तिने खोळ पुन्हा घातली. समोर टॉवरचं बांधकाम, धूळ किती! वैशालीच्या लग्नातलं उरलेलं कापड होतं, चांगली खालपर्यंत शिवली होती.

“बाबा, तुम्ही करता तरी काय नेमकं?” रत्नदीप वैतागला.

रामाने हात जोडले. त्यानंतर तो ‘चहा’ आणि ‘पाणी’ याखेरीज काही टाइप करेना.

ऑगस्टात त्याला इस्पितळात ठेवलं. त्याची शुद्ध गेली. रजेवर असलेल्या रत्नदीपला घरात बसवेना, म्हणून त्याने पुन्हा कॉम्प्युटर दमवायला लावला. डबा पुन्हा जागेवर दिसला म्हणजे तपासून झालं असेल, असं समजून भीमाबाईने सवयीने खोळ चढवली. थोड्या वेळात स्क्रीन गोठला. रत्नदीपने खोळ उचलली. डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“आई, ही रोज असते?”

“मग? धुळीत ठेवू?”

त्याने डबा निवल्यावर खोळ न घालता चालवला. चालला. खोळ घालून चालवला. गोठला. भीमाबाईने दोन्ही वेळा पाहिलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी ती इस्पितळात रामाच्या उशाशी बसली. “अहो,” ती म्हणाली, “तुमच्या बोटाचं काही चुकत नव्हतं.” त्याची पापणीही हलली नाही. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या.

रामा शनिवारी, १७ ऑगस्टला, दुपारी वारला. तो शुद्धीवर आला नाही.