माणशी बारा

काशिनाथचा उजवा हात कोपरापर्यंत चिखलात होता आणि बोटांना निवट्याची शेपटी लागली न लागली, तोच वरून आवाज आला, "तुम्ही यांचा अभ्यास करता का?"

निवटा निसटला. काशिनाथने मान वर केली. दगडी कठड्यावर गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एक बाई उभ्या होत्या. गेली पाच वर्षं देवगडचा काशिनाथ कुवेतमध्ये सुलैबिखातच्या किनाऱ्यावर पावसाच्या पाण्याचे पंप सांभाळत होता आणि शुक्रवारी ओहोटीला हे चिखलावर चालणारे मासे धरून कालवण करत होता. त्याला अभ्यास असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"थोडोफार," तो म्हणाला.

बाईंचं नाव चारुशीला. पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. शुऐबाच्या तेलकारखान्यात इंजिनियर असलेल्या नवऱ्याबरोबर कुवेतला आल्या आणि व्हिसावरच्या एका शब्दाने गृहिणी झाल्या. त्या रागातून त्यांनी मराठी मंडळींचा एक निसर्गगट काढला होता. गटाकडे बॅनर होता. निसर्ग अजून सापडायचा होता.

"अंदाजे किती असतील?" त्यांनी वही उघडली.

काशिनाथने चिखलावर नजर फिरवली. "चाळीस जणांक पुरतले."

"पुरतील?"

"माणशी बारा लागतत."

बाईंनी वहीत चारशे ऐंशी लिहिलं आणि मग हळूहळू मान वर केली.

"तुम्ही यांना खाता?"

"शुक्रवारचेच," काशिनाथ म्हणाला.

बाई काही बोलणार होत्या, पण त्याने विषय बदलायचा म्हणून चिखलाकडे बोट दाखवलं. प्रत्येक निवट्याने आपल्या बिळाभोवती तोंडाने माती रचून वीतभर लांबीचे बांध घातले होते. आत थोडं पाणी राखलेलं. पलीकडे दुसऱ्याचे बांध, त्यापलीकडे तिसऱ्याचे. देवगडच्या खाडीकाठची भातखाचरंच कुणीतरी लहान करून मांडल्यासारखी दिसत होती.

"ह्यो मोठो बघा. ह्येचा नाव दिनकर. म्हणजे मीच ठेवलंय. माझो चुलतभाव दिनकर. ह्यो पण तसोच, रोज घासभर माती उचलता आणि बांध शेजाऱ्याच्या बाजून सरकवता."

बाई वाकून पाहू लागल्या. त्यांची सावली दिनकरवर पडली, तरी तो ढिम्म. मग काशिनाथ एक पाऊल पुढे आला. त्याची सावली पडली मात्र, चारशे ऐंशीच्या चारशे ऐंशी बिळांत गुडुप.

"तुम्हाला बरोबर ओळखतात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोरमन अब्बास जीपमधून उतरला. हा हैदराबादचा. पाणी सोडायच्या पाइपाचं तोंड गाळाने बुजत होतं, असं त्याने सांगितलं. पुढल्या आठवड्यात बुलडोझर येणार होता, दोन्ही बाजूंचा तीस-तीस मीटर चिखल काढून तिथे दगडभराव होणार होता.

आपल्याला काळजी फक्त कालवणाची आहे, असं काशिनाथने स्वतःला सांगितलं.

"अब्बासभाई, मैं हाथ से नाली निकालेगा," तो म्हणाला. "पाइप के सामने सीधा समंदर तक. बाकी कीचड को हाथ नहीं लगाने का."

"मच्छी के घराँ बचाने कू मैं नौकरी गमाऊँ क्या, काशी मियाँ?"

"नाली मैं साफ रखेगा."

अब्बासने बाईंकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं. "बारिश में सड़क पे एक बार पानी खड़ा हुआ, तो बुलडोज़र आताइच."

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "आमचा गट तुमच्यामागे उभा राहील. पण मग तुम्ही खायचं नाही."

"एकय नाय?"

"एकही नाही."

पहिल्या शुक्रवारी बत्तीस जण आले. पोहे आले, बॅनर आला, बाईंचे यजमान प्रतापराव कामाचा तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून आले. त्यांनी नवे गमबूट घालून चिखलात आत्मविश्वासाने चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला प्रतापराव निघाले, बूट राहिले. बूट अजून तिथेच असावेत. काशिनाथ खाडीवरच्या रीतीने फळीवर एक गुडघा टेकवून दुसऱ्या पायाने घसरत फिरत होता. त्या दिवशी त्याने थोडी नाली खणली आणि चार इंजिनियर व एक चार्टर्ड अकाउंटंट उपसून काढला.

दुसऱ्या शुक्रवारी अकरा जण आले. तिसऱ्या शुक्रवारी क्रिकेटची मॅच होती. चौथ्या शुक्रवारी चारुशीलाबाई आणि बॅनर. बाईंनाही त्याने फळी करून दिली होती. त्या तीन वेळा पडल्या आणि चौथ्यांदा घसरत समुद्रापर्यंत जाऊन आल्या. परतल्यावर गालावरचा चिखल पुसायचंही विसरल्या.

नोव्हेंबरात पाऊस आला तो वर्षाचा हिशेब एकाच दुपारी चुकता करावा तसा. तिन्ही पंप धडधडत होते आणि काशिनाथ फावडं घेऊन नालीच्या तोंडाशी कमरभर पाण्यात उभा होता. गाळ येई, तो बाजूला सारी. तीन तास. अब्बास जीप घेऊन रस्ता दोनदा बघून आला.

"सड़क सूखी है. बुलडोज़र नक्को," तो म्हणाला. मग जरा जवळ सरकला. "एक बात बोल. मज़ा कैसा है इनका?"

"याद नहीं," काशिनाथ म्हणाला.

थंडीभर निवटे बिळांत होते. मार्चमध्ये कठड्यावर निसर्गगटाचा फलक लागला. अध्यक्ष, सचिव, तांत्रिक सल्लागार प्रतापराव, आणि तळाशी 'पंपचालकाच्या सहकार्याने'. चारुशीलाबाई सचिवांवर भडकल्या. काशिनाथ म्हणाला, "असांदे वहिनी. चिखल र्‍हवलो ना."

त्या शुक्रवारी ओहोटीला तो नाली उपसून डबा घेऊन चिखलाच्या कडेला बसला. डाळभात होता. निवटे बाहेर आले होते, दिनकर आपला बांध लिंपत होता. ऊन कललं, तशी काशिनाथची सावली लांब होत गेली आणि सरळ दिनकरच्या अंगावर जाऊन पडली.

काशिनाथ घास हातात धरून थांबला.

दिनकरने डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तोंडभर माती उचलली आणि शेजाऱ्याच्या बाजूने लावली.

देवगडच्या माणसाला निवट्याने भिऊही नये! काशिनाथला ते लागलं. हाताच्या अंतरावर होता. बोटंसुद्धा आपसूक वळली होती.

त्याने ती डाळभातात घातली, आणि दिनकरला काम करताना उजेड पडावा म्हणून थोडा डावीकडे सरकून बसला.