निशिगंधाचं आमेन

मुलांनो, समजा तुम्ही केळापूरजवळच्या एका घरात जेवायला बसला आहात. ताटात ज्वारीची भाकरी आहे, वांग्याची भाजी आहे, पण कुणीच घास घेत नाही. हे ख्रिस्ती कुटुंब आहे. जेवणाआधी देवाचे आभार मानायची त्यांची रीत. घरातल्या जयाची आजी वच्छलाबाई प्रार्थना करते आहे. तुमच्या शेजारी बसली आहे जयाची मैत्रीण निशिगंधा, जवळच्या बंजारा तांड्यावरची.

जया आणि निशिगंधा दोघीही शाळेत सगळ्यांत वेगाने पळतात. जिल्ह्याच्या शर्यतीला मात्र एकीनेच जायचं आहे. निवड जयाची झाली, पण काल तिचा पाय मुरगळला. तो बरा झाला नाही, तर निशिगंधा जाणार.

“देवा, या अन्नासाठी तुझे आभार,” आजी म्हणाली.

“आमेन!” निशिगंधा म्हणाली.

“लेकरायले सुखी ठेव...”

“आमेन!”

जया खुदकन हसली. “अवं, ते शेवटी म्हणतेत!”

निशिगंधा ओशाळली. तांड्यावर तिचे आजोबा गोष्ट सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला ‘हूं’ द्यायचा असतो. नाहीतर ते गोष्टच थांबवतात. तिला वाटलं, आमेन तसंच.

“हूं म्हणजे मी आयकून राह्यलो,” आजी म्हणाली. “आमेन म्हणजे तसंच होवो. मागणं माहं असन, पण तू आमेन म्हटलं का ते तुहंबी झालं. मनात नसन त म्हणू नोको, बाई. कोणी रागवत नाही.”

तिने पुन्हा हात जोडले. “देवा, शर्यतीच्या आत जयाचा पाय बरा कर.”

“आमेन,” जया म्हणाली.

निशिगंधाचे ओठ हलले नाहीत.

“काहून वं? मंघाशी त लय आमेन आमेन करत होती!”

“जेव गुमान,” आजीने जयाला दटावलं.

निशिगंधाने भाकरी मोडली आणि तुकडा भाजीत नुसताच फिरवत राहिली. शर्यतीचं मैदान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि समोर उशीवर जयाचा सुजलेला पाय होता.

“आजी, मलेबी जाचं हाये शर्यतीले,” ती हळूच म्हणाली.

“माहीत हाये. त्यात काय वाईट?”

निशिगंधा जयाकडे वळली. “पण तुले लंगडत ठेवून नाही. बरी हो. पुढच्या वर्षी हरवतोच तुले!”

“हरवजो!” जया म्हणाली.

निशिगंधाने हात जोडले आणि म्हटलं, “आमेन.” मग ती उठली, माठातल्या गार पाण्यात फडकं भिजवलं आणि जयाच्या घोट्यावर अलगद ठेवलं.