डागावरचं फूल

शिवणवालीनं मशीनच्या चाकावर बोटं टेकवली आणि तशीच ठेवली. पट्टा नवा होता.

"कसं?" दारातून नवरा म्हणाला. छाती ही एवढी पुढं. "रोज टकटक, टकटक. आता बघ, आवाज नाही की काही नाही."

तिनं पायडल मारलं. मशीन मुकाट्यानं फिरली. जुना पट्टा तारेनं जोडलेला होता. तो जोड चाकावरून जाताना दर फेऱ्याला टक्‌ करायचा. त्या टकटकीवरच तिनं मोबाईलमध्ये गाणं बांधायला घेतलं होतं.

"जुना कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत गेला. का गं?"

"सहज." दुखरे गुडघे टेकून नवा बसवला होता बिचाऱ्यानं.

संध्याकाळी नणंद यायची होती, नाचाच्या क्लासातल्या पोरींचे झगे न्यायला. नणंद रीतसर गाणं शिकलेली. "वहिनी, सा कुठला ते तरी कळतं का तुला? गाणं म्हणजे काय काजं-बटणं आहेत?" असं म्हणून हसली होती. तरी म्हणाली होती, जमलं तर पोरी तुझ्याच गाण्यावर नाचतील. नाहीतर मी तयार गाणं घेते.

मोबाईलमध्ये टकटकीचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. त्यात मधोमध नवऱ्याची शिंक. भांडी वाजवणारी.

तिनं कानात इयरफोन घातले आणि कापायला बसली. शिंक कापली की ठेका लंगडायचा. जोडला, उसवला, परत जोडला. उसवायची तिला कधीच लाज नव्हती. शेवटी झग्यावर डाग पडला की करते तेच तिनं केलं. डागावरच फूल काढलं.

संध्याकाळी गाणं सुरू झालं. टक्‌ टक्‌, खालून घुमणारा सूर, आणि आच्छी!

"अगंबाई! इथं माशी शिंकली वाटतं."

"माशी नाही वन्सं, तुमचे बंधुराज."

"बंद कर ते," नवरा कानापर्यंत लाल. "अब्रू घालवशील माझी."

"पुढं ऐका तरी."

नणंदेनं डोळे मिटले. शिकलेला हात आपोआप मांडीवर ताल धरायला लागला. आधी चाचपडला, मग सापडला. ठेका फिरून आला, शिंक आली आणि बरोबर तिच्यावर हाताची थाप पडली. पुढच्या फेऱ्यालाही शिंक तिथंच, थाप तिथंच.

गाणं संपलं.

"परत लाव," डोळे न उघडता नणंद म्हणाली.

नवरा खुर्ची ओढून जवळ सरकला आणि आपली पाळी यायची वाट बघत बसला.