पाटावरचा मोबाइल

लेकीला झोपवून बाहेर आले, तर माझा मोबाइल पाटावर! कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर आणि मधोमध तो. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई रंगुबाई, समोर हात जोडून बसलेल्या.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे मला कुणी शिकवायला नको, मीही इथली, जतचीच. एकदा पुजली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत, हेही माहीत आहे. पण चार वाजता माझी मीटिंग होती. डोकंच फिरलं माझं.

मीटिंगही साधी नव्हती. सांगलीच्या एका हळदीच्या कंपनीच्या ऑर्डरी मी बघते. लॅपटॉप उन्हाळ्यात एसटीत आपटला तो कायमचाच गेला. तेव्हापासून सगळं मोबाइलवर. घरी असले की तो वायरीनं टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड मांडीवर घ्यायचा, झालं ऑफिस. प्रवासात नुसता अंगठा. एकदा तर भरलेल्या एसटीत एका हातानं दांडी धरून अख्खी ऑर्डर पाठवलीय मी. पण आमच्या जयराज साहेबांना काही ते पटेना. आजच्या मीटिंगमध्ये परदेशातल्या गिऱ्हाइकांना सगळा माल मोबाइलवरून दाखव, म्हणाले. जमलं तर राहा घरी, नाहीतर सोमवारपासून सांगलीत रोज हजर. सणाचं सांगून बघितलं, तर म्हणाले गिऱ्हाइकांना कुठली आलीय खंडेनवमी.

रोज सांगली म्हणजे तिथं खोली घेणं आलं. दिवसभर मी ऑफिसात, आणि सोनिया अजून अंगावर पिते. तिला इथं टाकून जायचं?

मी आत्यांकडे मोबाइल मागितला. पुजलाय आता, म्हणाल्या. अहो, पण पुजायला सांगितलं कुणी? उन्हाळ्यापासून या बाईच्या तोंडी एकच. दारात कुणी येऊन समीक्षा कुठाय विचारलं, की "बसलीया मोबाइल घिऊन." जसं काही मी दिवसभर रील्स बघत लोळते! आणि आज नेमकं त्यालाच कुंकू. दुसऱ्या कुणाचा मोबाइल घेऊनही भागणार नव्हतं, सगळ्या फायली, सगळे पासवर्ड त्यातच.

मी आत गेले, बाहेर आले. पुन्हा आत गेले. उचलावा तर वर्षाच्या सणाला सासूचं मन मोडणार. न उचलावा तर लेक. घड्याळाकडे बघवेना.

तेवढ्यात सासरे धापा टाकत दारात आले. गाभण मेंढी वेड्या बाभळीच्या जाळीत मानेनं अडकली होती, फांद्या तोडायला कोयता हवा होता. आत्या उठल्या, पाटावरचा कोयता उचलला आणि त्यांच्या हातात दिला. एकदा वर बघून हात जोडले.

"जित्राब अडलंय, देवा," म्हणाल्या.

सासरे पळाले. मी आत्यांच्या समोर जाऊन बसले.

"आत्या, माझंबी जित्राब अडलंय," मी म्हटलं.

मग सोमवार, सांगली, खोली, सोनिया, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तोवर घरात कुणाला बोललेच नव्हते. त्यांना काय कळतंय त्यातलं, असं धरून चालले होते.

आत्यांनी आत झोपलेल्या पोरीकडे एकदा बघितलं. मग त्यांनी फूल बाजूला ठेवलं, मोबाइल पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"आदी सांगायचं न्हाई व्हय? तुजं हत्यार म्हणून तर पुजलं."

वायर जोडली, कीबोर्ड मांडीवर घेतला. कॅमेऱ्यावर कुंकू राहिलं होतं, मी गिऱ्हाइकांना तांबूस दिसत होते म्हणे. पण हळदीचे भाव, पोत्यांचे फोटो, गोदामातला माल, टीव्हीवर एकेक उघडत गेले तसा धीर आला. कुठं अडलं नाही.

मीटिंग संपत आली आणि दारात शेजारच्या शालूबाईचा आवाज आला, समीक्षा कुठाय गं? झालं, म्हटलं मनात. माइक चालू होता, आणि पुढचं वाक्य मला पाठ होतं.

"कामावर हाय ती," आत्या दारातूनच म्हणाल्या. "उद्या ये सोनं द्यायला."

कीबोर्डवरची बोटं थांबली. डोळे भरून आले आणि टीव्हीवरचं काही दिसेना. तिकडून साहेबांनी विचारलं, कोण बोललं. सासूबाई, मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, "मग राहा तिथंच कामावर."

मी वायर काढली, मोबाइल बंद केला आणि स्वतः नेऊन कातरीशेजारी पाटावर ठेवला. आत्यांनी त्यावर परत फूल वाहिलं. दसरा उजाडेपर्यंत मी त्याला हात लावला नाही.