तुमचा उजवा की माझा

बाहेर

मी पालथी पडले आहे. गाल फरशीला, एक डोळा मिटलेला, टॉर्च दाराखालच्या फटीत. रस्त्यावरचे लोक माझ्या पायांना वळसा घालून जातात. एकाने थांबून विचारलं, "काही पडलं का?"

"पडलं नाही, वाढलंय."

वाढलंय ते भोक. अशा बिनचौकटीच्या काचेच्या दाराचं कुलूप तळाला असतं, कोपऱ्यात. किल्ली फिरवली की एक पोलादी दांडी खाली उतरते आणि फरशीतल्या भोकात बसते. बस्स. सगळं दुकान एवढ्यावर विसंबून. आणि या दुकानाची दांडी उतरते ती भोकाच्या काठावर टेकते. खांद्याने जरा रेटलं की दार उघडं.

आत

आत चष्मेवाल्या बाई आहेत, भिंतीभर चष्मे आहेत आणि स्टुलावर माझे सासरे आहेत. गुडघे गेल्यापासून मामंजींना वाकता येत नाही. तसे ते आधीही कुणापुढे वाकायचे नाहीत, पण निदान दारांपुढे वाकायचे. आता ते बसून सांगतात आणि वाकायचं काम आमच्या ह्यांचं. हे सध्या परगावी एका मोठ्या दुकानाची दारं बसवताहेत. म्हणून मी.

बाईंनी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली गादी मी येतानाच पाहिली होती. दार लागत नाही म्हणून त्या दुकानातच झोपतात, काउंटरच्या मागे. इथे लोखंडी शटर लावायला इमारतीची परवानगी नाही. आणि उद्या सकाळी त्यांच्या आईचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या गावी. आत नेताना मी तिथे असेन, असा त्यांनी आईला शब्द दिलाय. संध्याकाळची बस ही शेवटची.

"नाही लागलं तर मी जात नाही," त्या म्हणाल्या. "भिंतीवर आहे तेवढंच आहे माझं. उघडं टाकून कशी जाऊ?"

"लागेल की," मामंजी म्हणाले. "सूनबाई, छिन्नी घे. भोक थोडं वाढव आणि मोकळी हो. नुसतं दार सरकवून भागत नाही, म्हणून दर वेळी तेच करतो आपण. इमारत सरकतेय, त्याला दार काय करणार?"

बाईंनी घाबरून छताकडे पाहिलं.

"आज भोक वाढणार नाही," मी म्हणाले.

मी ते इतकं ठाम का म्हणाले, मला ठाऊक नव्हतं. छिन्नी हातात घेतली तेव्हा भोकाचा घाणेरडा आकार दिसला, एवढंच.

काचेतून जे ऐकू येतं ते

दार बंद केल्याशिवाय दांडी कुठे उतरते ते कळत नाही. म्हणून दार बंद. म्हणून मी बाहेर, ते आत. काच जाड आहे. माणूस सगळा दिसतो, त्याचं बोलणं अर्धंच येतं.

"——वीकडे!"

"काय?"

"उज——! मशीन उज——कडे!"

मशीन म्हणजे जमिनीत पुरलेला डबा, दाराचा सगळा भार घेऊन फिरणारा. त्याचं झाकण काढलं की कडेचे स्क्रू दिसतात. ते सैल करून डबा केसभर इकडे, केसभर तिकडे नेता येतो. दारही तसंच जातं.

मी उजवीकडे ढकलणार होते.

"——लटीच कशी! उजवी——! जेवतेस त्या हाता——!"

जेवायचा हात मी वर करून दाखवला. ते कपाळाला हात लावून बसले.

आत-बाहेर

दार उघडलं. मधे चष्मेवाल्या बाई, एक पाय आत, एक बाहेर.

"काका, तुमचा उजवा की ताईंचा?"

"उजवा म्हणजे उजवा! त्यात माझा-तिचा काय? वाटणी आहे का?"

"तसं नाही हो. मी दिवसभर माणसांच्या समोर बसते. त्यांचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला येतो. शिकत होते तेव्हा एकाची उजवी काच डावीकडे बसवली होती. तो बिचारा जिन्यावरून पडता पडता वाचला. तेव्हापासून मी नुसतं उजवा म्हणतच नाही. तुमचा उजवा म्हणते."



मी पुन्हा पालथी झाले. या वेळी फटीत नाही, उघड्या दारातून सरळ भोकात टॉर्च मारला. कुलपाकडची बाजू गोल, गुळगुळीत, पहिल्या दिवशी ड्रिलने पाडलेली, तिला कुणी कधी हात लावलेला नाही. मशीनकडची बाजू मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखी लांबत गेलेली. दर वेळी एकाच दिशेला.

"मामंजी, मागच्या वेळी तुम्ही कुठे बसला होता?"

"इथेच. याच स्टुलावर."

"आणि हे?"

"बाहेर. तू आहेस तिथे, तुझ्यासारखाच आडवा."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"उजवीकडे सरकव. दार कुलपाकडे आणायचं होतं ना."

"आणि त्यांनी सरकवलं?"

"माझा मुलगा माझं ऐकतो."

"त्यांच्या उजवीकडे."

मामंजींनी आपला उजवा हात पाहिला. मग काचेपलीकडे, जिथे त्यांचा मुलगा आडवा पडला असेल तिथे पाहिलं.

"आणि त्याआधीच्या वेळी?"

ते छताकडे पाहू लागले.

"म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, "इमारत सरकत नाहीये?"

मधे थोडं भांडण

"केसभर ठीक, पण मशीन एवढं सरकवायचं नाही. भार आहे त्याच्यावर."

भार आहे म्हणूनच आधी दाराखाली पाचरी घालू, मी म्हणाले.

"हे दार मी बसवलंय, सूनबाई."

म्हणून तर अजून उभं आहे. पण सरकवलंय आपण, मामंजी. आपण मिळून.

"आता किती दूर न्यावं लागेल ठाऊक आहे का? कोपरा फरशीला टेकला की संपलं. हातोड्याला दाद देत नाही ही काच, पण कोपऱ्याला लागलं की साखर होते. मग झाडत बस. आणि या बाई जाताहेत मग बसने!"

छिन्नी मारली तर आज लागेल.

"मग मार ना!"

आणि पुढच्या महिन्यात या पुन्हा गादी आणतील.

भिंतीवरचे बिनडोळ्यांचे चष्मे सगळे आमच्याकडे बघत होते.

"पाचरी कुठे आहेत?" मामंजी म्हणाले.

काम

दाराखाली लाकडी पाचरी. दोन्हीकडून, हळूहळू, काच पाचरींवर टेकेपर्यंत. रबरी कप काचेला चिकटवले, त्यांच्या मुठी बाईंनी धरल्या. "ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसतं झुकू द्यायचं नाही."

"आई बरी झाली की तिला सांगेन, मी दार धरून उभी होते," बाई म्हणाल्या.

डावा-उजवा बंद. दोनच शब्द: कुलपाकडे आणि मशीनकडे. काचेच्या दोन्ही बाजूंना ते सारखेच.

"कुलपाकडे," आतून.

स्क्रू. डबा हलेना. सिमेंटची भुकटी त्याच्या कडेला घट्ट बसली होती. जुन्या पान्याच्या टोकाने मी ती उकरली, फुंकली, डोळ्यात गेली, पुन्हा फुंकली.

"कुलपाकडे."

हलला. काचेतून एक बारीक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. तिघंही थांबलो.

"काही नाही," मामंजी म्हणाले. "रबर आहे ते. कुलपाकडे. अजून. अजून. बास! बास म्हटलं ना!"

दांडी उतरवली. ती त्या गोल, गुळगुळीत काठाला लागून सरळ खाली गेली. दुसऱ्या बाजूला अर्थातच पोकळी, इतक्या वर्षांची कुरतडलेली. दार तिथे खडखडणार. मी पेटीतून एक पोलादी पट्टी काढली. भोकावर ठोकायची, दांडीपुरती जागा ठेवून. पण तिचं भोक लहान होतं.

"आण इकडे," मामंजी म्हणाले. पट्टी मांडीवर घेऊन ते कानस मारू लागले. लोखंडाचा कीस त्यांच्या पॅंटवर पडत होता आणि चार वेळा घासलं की ते पट्टी उजेडात धरत होते. "बघू नकोस माझ्याकडे. एवढं येतं मला अजून."

बाईंनी बॅग भरून दाराशी आणून ठेवली. पुन्हा उघडली. चार्जर टाकला. घड्याळाकडे पाहिलं.

स्क्रू आवळले, पाचरी काढल्या, पट्टी ठोकली.

शेवटची खात्री

"असं नाही," मामंजी म्हणाले. "तुम्ही दोघी बाहेर व्हा. बाई, बाहेरून किल्ली लावा. मी आतून ओढतो. माझ्याकडून नाही उघडलं तर कुणाकडूनच नाही."

बाईंनी किल्ली फिरवली. दांडी उतरल्याचा आवाज स्वच्छ आला. मामंजींनी स्टूल बाजूला सारलं, मूठ धरली आणि ओढलं. पाय रोवून ओढलं. मग खांद्याने रेटलं. चेहरा लाल झाला. दार कुरकुरलंसुद्धा नाही. मिशीआड ते हसले. मला चोरून, पण काचेतून काय चोरणार!

"ताई, मी गेले!" बाईंनी माझा हात दाबला, बॅग उचलली आणि पळत सुटल्या.

कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा मला कळलं. किल्ली त्यांच्याबरोबर होती. सासरे दुकानात होते. आणि या कुलपाला आतूनही किल्लीच लागते.

मी हात वर केला, हाक मारायला तोंड उघडलं. काचेवर टकटक झाली.

मामंजी जोरजोराने मान हलवत होते. नाही. नाही. बसच्या दिशेने त्यांनी हात झटकला, जाऊ दे तिला. मग बाईंची खुर्ची ओढून त्यांनी तिच्यात बसकण मारली, पाय लांब केले आणि हाताची घडी घातली.

बाई वळणाआड गेल्या.

मी पेटी उघडली, बारीक सळया काढल्या आणि पुन्हा आडवी झाले. किल्लीवाचून उघडायचं, त्यांना बाहेर काढायचं आणि किल्लीवाचूनच पुन्हा लावायचं. आणि कुलूप आता चांगलंच बसलं होतं.